अंगठ्याच्या बुडाशी झीज झाली आहे. ओझोनचं इंजेक्शन घ्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे मला नीट समजलंय का ते तुम्हालाही कळेल. वय 58. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी तीन वर्षं दुखतंय. बरणीचं झाकण उघडताना, किल्ली फिरवताना, ओला कपडा पिळताना कळ येते. एक्स-रे पाहून डॉक्टरांनी 'तिसरी पायरी' सांगितली. स्टेरॉइडच्या पहिल्या इंजेक्शनाने चार महिने बरे गेले, दुसऱ्याने जेमतेम तीन आठवडे. आता कुणीतरी ओझोनची सहा इंजेक्शनं सुचवली आहेत आणि त्याने सांधा पुन्हा भरून येईल असंही सांगितलंय. शस्त्रक्रियेची भीती वाटते. शिवाय डावा अंगठाही अधूनमधून कुरकुरतो.

मी वेदना-चिकित्सेतला डॉक्टर आहे. ओझोन मी स्वतः वापरतो. गुडघ्यांसाठी बऱ्यापैकी, अंगठ्यांसाठी मोजक्या वेळा. तेव्हा सरळ सांगतो: ओझोनने सांधा भरून येत नाही. दुखणं काही काळ कमी होऊ शकतं, आणि काहींना त्याचा खरंच उपयोग होतो. पण तुमच्या प्रश्नात मला एक गोष्ट कुठेच दिसली नाही, ती म्हणजे स्प्लिंट. दोन इंजेक्शनं झाली, तिसऱ्या प्रकारच्या सुईची तयारी चालू आहे, आणि अंगठ्याला आधार देणारी पट्टी किंवा व्यायाम यांचा उल्लेखही नाही. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

हा सांधा कसा आहे ते पाहिलं की माझं म्हणणं पटेल. अंगठ्याचं लांब हाड मनगटातल्या ट्रॅपेझियम नावाच्या छोट्या हाडावर बसतं. दोन्ही पृष्ठभाग घोड्याच्या खोगिरासारखे, एकमेकांवर आडवे ठेवलेले. त्यामुळे अंगठा सगळ्या दिशांना फिरतो, प्रत्येक बोटाला टेकतो. पण या मोकळेपणाची किंमत अशी की हाडांची एकमेकांत घट्ट खोबण नाही. सांधा जागेवर राहतो तो लिगामेंटच्या, म्हणजे हाडांना हाडांशी बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांच्या, आणि आसपासच्या छोट्या स्नायूंच्या जोरावर. ते सैल पडले की हाडाचं बूड बाहेरच्या बाजूला सरकायला लागतं आणि सगळा भार कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाच्या, एका कोपऱ्यावर येतो. 1977 साली कूनी आणि चाओ या संशोधकांनी याचं गणित मांडलं: अंगठा आणि बोटाच्या टोकांत 1 किलोची चिमूट धरली, तर बुडाच्या सांध्यावर साधारण 12 किलोचा दाब येतो. जोरात मूठ आवळली तर तो 120 किलोपर्यंत जाऊ शकतो. झाकण फिरवताना तुम्ही किती जोर लावता त्याचा अंदाज करा आणि त्याला बाराने गुणा.

म्हणजे दुखण्याचे दोन धागे आहेत. एक सांध्याच्या आत आलेली सूज, दुसरा रोजचा हा भार. इंजेक्शन कुठलंही असो, ते पहिल्या धाग्याला हात घालतं. दुसरा तसाच राहिला तर सूज पुन्हा येणार. तुमचं दुसरं स्टेरॉइड तीन आठवड्यांत का विरलं, याचं एक कारण हे असू शकतं. चार महिने बरं वाटलं तेव्हा हात पुन्हा पूर्वीसारखा, कदाचित जास्तच वापरला गेला असेल. हा दोष तुमचा नाही. तेव्हा तुम्हाला कुणी थांबवून सांगायला हवं होतं.

दुसरा मुद्दा निदानाचा. एक्स-रेमधली पायरी आणि दुखणं यांची सांगड फारशी बसत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणींच्या एक्स-रेत या सांध्याची झीज दिसते, आणि त्यातल्या अनेकींना काहीच दुखत नसतं. उलट पहिल्या पायरीवर रडवेल्या झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. म्हणून झीज दिसली की दुखणं तिचंच, असं धरून चालता येत नाही. एक बाई माझ्याकडे खास ओझोनसाठी आल्या होत्या, एक्स-रे हातात घेऊन. झीज होती, नाही असं नाही. पण बोट ठेवून दाखवायला सांगितलं तर त्यांनी सांध्याच्या वर, मनगटाच्या कडेच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवलं. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवल्यावर त्या ओरडल्याच. तो द क्वेरव्हॅनचा आजार होता, अंगठ्याच्या स्नायुबंधांच्या म्यानाची सूज. ओझोन सांध्यात दिलं असतं तर सुई चुकीच्या जागी गेली असती आणि 'ओझोन कुचकामी' एवढंच त्या शिकल्या असत्या.

तुम्हीही हे तपासून घ्या. अंगठ्याच्या बुडाशी मांसल भागाच्या वर, मनगटाच्या रेषेजवळ दाबल्यावर नेमकी तीच ओळखीची कळ येते का? डॉक्टरांनी अंगठ्याचं हाड हलकं दाबून फिरवल्यावर करकर होऊन दुखतं का? मग तो बुडाचा सांधा. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते, आणि ती या झिजेच्या जोडीला बऱ्याचदा असते. अंगठा वाकवताना खटकन अडकत असेल तर ते वेगळं दुखणं. सकाळचा ताठरपणा तासभर राहत असेल, दोन्ही हातांचे बरेच सांधे सुजत असतील, तर आधी रक्ताच्या तपासण्या. तो आमवातासारखा दाहाचा संधिवात असू शकतो आणि त्याची औषधं पूर्ण निराळी असतात.

आता ओझोनकडे येतो. ओझोन म्हणजे तीन अणूंचा ऑक्सिजन. अस्थिर असतो, खोलीच्या तापमानाला सुमारे 40 मिनिटांत निम्मा विरून जातो. म्हणून तो बाटलीतून येत नाही, यंत्रातून तिथल्या तिथे बनवावा लागतो. सिरिंजमध्ये जे भरलं जातं त्यातला 95 टक्क्यांहून अधिक भाग साधा ऑक्सिजनच असतो, ओझोन अगदी थोडा. सांध्यात गेल्यावर हा ओझोन तिथल्या द्रवातल्या स्निग्ध पदार्थांशी ताबडतोब रासायनिक क्रिया करून संपतो. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि काही स्निग्ध संयुगं तयार होतात. पेशींना हा एक छोटा धक्का बसतो, आणि त्याला उत्तर म्हणून त्या स्वतःची संरक्षक यंत्रणा चालू करतात, दाह वाढवणारे संदेश कमी करतात, असा विचार यामागे आहे. प्रयोगशाळेत याला आधार मिळतो. पण दाह कमी होणं आणि झिजलेली कूर्चा पुन्हा उगवणं या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे. दुसरीला पटण्याजोगा पुरावा नाही. तुम्हाला ज्यांनी 'भरून येईल' असं सांगितलं, त्यांना एवढंच विचारा: कुणाच्या सांध्यात, कशावर पाहिलं?

पुरावा बहुतेक सगळा गुडघ्याचा आहे. ब्राझीलमध्ये 98 गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. काहींच्या गुडघ्यात आठवड्याला एक याप्रमाणे आठ वेळा ओझोन, काहींच्या गुडघ्यात नुसती हवा. ओझोनवाल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. असे आणखीही अभ्यास आहेत, आणि त्यांचा एकत्र विचार केला तर चित्र साधारण असं दिसतं: पहिले काही आठवडे फायदा दिसतो, पुढे तीन ते सहा महिन्यांत तो ओसरत जातो, आणि हायल्युरॉनिक आम्लासारख्या (सांध्यातलं वंगण म्हणून दिल्या जाणाऱ्या) इतर इंजेक्शनांच्या पुढे तो टिकत नाही. अभ्यासांचा दर्जाही फारसा भक्कम नाही. गुडघ्यात 10 मिली वायू सहज मावतो. अंगठ्याच्या बुडाशी 1 मिली म्हणजे डोक्यावरून पाणी. गुडघ्याचं माप अंगठ्याला लावताना मला नेहमी संकोच वाटतो.

अधिकृत भूमिकाही तुम्हाला माहीत असायला हवी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमात ओझोनला विषारी वायू म्हटलं आहे आणि त्याचा ज्ञात असा वैद्यकीय उपयोग नाही असं नोंदवलं आहे. दुसरीकडे ओझोन वापरणाऱ्या डॉक्टरांनी 2010 साली माद्रिदमध्ये एक जाहीरनामा करून मात्रा आणि पद्धती एकसारख्या करण्याचा प्रयत्न केला. मी दुसऱ्या गटात मोडतो, तरी पहिल्या गटाची काळजी मला अवाजवी वाटत नाही. श्वासावाटे ओझोन फुप्फुसांना खरोखरच इजा करतो. थेट शिरेत वायू सोडणं जिवावर बेतू शकतं. सांध्यात मोजक्या मात्रेत देणं हे यापेक्षा बरंच सुरक्षित आहे, पण ते काळजीपूर्वक दिलं तरच.

इंजेक्शननंतर बरं वाटतं त्यातलं किती ओझोनचं आणि किती इतर गोष्टींचं, हे एकेका रुग्णात सांगता येत नाही. माणूस दुखणं टोकाला गेलं की दवाखान्यात येतो, आणि टोकाला गेलेलं दुखणं बरेचदा आपोआप थोडं उतरतं. सांध्यात नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी अनेकांना काही आठवडे आराम पडतो. स्टेरॉइडचंही तसंच आहे. 2004 साली 40 रुग्णांच्या नेमक्या याच अंगठ्याच्या सांध्यात स्टेरॉइड आणि मिठाचं पाणी यांची तुलना झाली. 24 आठवड्यांनी दोन्हींत फरक दिसला नाही. तुमचे ते चार बरे महिने खरे होते, यात मला शंका नाही. पण त्यावरून पुढच्या सुईकडून तेवढीच अपेक्षा धरू नका.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईंची गोष्ट मला अजून डाचते. तीन आठवडे ओझोन दिलं, दुखणं निम्म्याहून कमी झालं. त्या खूश, मीही खूश. दुखत नाही म्हणून त्यांनी साठलेलं सगळं काम हातावेगळं केलं, जाड कापड, मोठी कात्री, दिवसाचे आठ-आठ तास. दोन महिन्यांनी परत आल्या तेव्हा अंगठ्याचं बूड आधीपेक्षा जास्त सुजलं होतं आणि मधला सांधा मागे झुकायला लागला होता. चूक माझी होती. मी दुखणं काढून घेतलं आणि भाराबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यानंतर स्प्लिंट हातात असल्याशिवाय मी अंगठ्यात सुई घातलेली नाही.

स्प्लिंटबद्दल लोकांना वाटतं की ही किरकोळ गोष्ट, खरा उपचार सुईत आहे. पुरावा उलट सांगतो. फ्रान्समध्ये 112 रुग्णांवर झालेल्या, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मापाने बनवलेली स्प्लिंट रोज रात्री वापरायला दिली. एका महिन्यानंतर काहीच फरक नव्हता! वर्षभराने मात्र दुखणं स्पष्ट कमी झालेलं होतं, हाताचं कामही सुधारलं होतं. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो तो त्या पहिल्या महिन्यामुळे. बहुतेक जण तीन आठवडे पट्टी लावतात, 'काही होत नाही' म्हणून कपाटात ठेवून देतात आणि सुईच्या शोधात निघतात. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने 2019 च्या मार्गदर्शनात या सांध्यासाठी स्प्लिंटची ठाम शिफारस केली आहे.

स्प्लिंट घेताना हॅन्ड थेरपिस्टकडून मापाने करून घ्या. अंगठ्याचं बूड धरून ठेवणारी, पण मनगट आणि अंगठ्याचं टोक मोकळं ठेवणारी आखूड स्प्लिंट बहुतेकींना पुरते. लांब, कडक, मनगट जखडणारी दिली तर तुम्ही ती दोन दिवसांत काढून टाकाल. रात्री कडक, दिवसा कामाच्या वेळी मऊ, अशा दोन वापरणाऱ्याही पुष्कळ आहेत.

व्यायामात एक गोष्ट आधी बंद करा: चेंडू दाबणं. जवळजवळ प्रत्येक रुग्ण हे करत येतो, कारण 'पकड मजबूत होईल'. चेंडू आवळताना बुडाच्या सांध्यावर नेमका तोच भार येतो जो आपल्याला टाळायचा आहे. त्याऐवजी अंगठा आणि तर्जनीमधला आखडलेला पडदा दुसऱ्या हाताने हळू मोकळा करायचा, अंगठा आणि बोटांनी गोल आकार धरून ठेवायचा, आणि तर्जनी अंगठ्याच्या दिशेला आडवी रेटायची, दुसऱ्या हाताचा हलका विरोध घेऊन. या शेवटच्या हालचालीत जो छोटा स्नायू काम करतो तो अंगठ्याचं बूड जागेवर धरायला मदत करतो. दुखेपर्यंत काहीच ताणायचं नाही.

आणि चिमूट टाळायची. झाकणाला रबराची पट्टी लावून तळव्याने फिरवा. किल्लीला रुंद मूठ बसवा. पेन जाड घ्या. फोनवर अंगठ्याने टाइप करत असाल तर आजपासून तर्जनीने. कपडा पिळण्याऐवजी दोन तळव्यांमध्ये दाबून पाणी काढा. रोज शेकड्यांनी होणाऱ्या या चिमटी कमी झाल्या की सांध्याला जी विश्रांती मिळते ती कुठल्याच औषधाने मिळत नाही. दुखेल तेव्हा डायक्लोफेनॅकचं जेल आधी वापरा. बुडाचा सांधा कातडीपासून फार खोल नाही, आणि पोटातल्या गोळ्यांपेक्षा मूत्रपिंडाला व जठराला त्याचा त्रास बराच कमी.

हे सगळं तीन महिने नीट करा. त्यानंतरही दुखत असेल आणि ओझोन घ्यायचंच असेल, तर मी स्वतःच्या बहिणीला जे सांगेन तेच सांगतो. सोनोग्राफीत पाहत सुई घालणाऱ्याकडेच जा. सांधा अरुंद आहे, झिजेने आणखी अरुंद झालेला, कडेने हाडाचे काटे वाढलेला. नुसत्या अंदाजाने घातलेली सुई बरेचदा आत जातच नाही. शेजारून रेडियल धमनी जाते, वरून संवेदनेच्या बारीक नसा जातात. यंत्राला वैद्यकीय ऑक्सिजनचा सिलिंडर जोडलेला असावा. खोलीतल्या हवेपासून ओझोन बनवला तर नायट्रोजनची घातक ऑक्साइडं सोबत येतात. किती तीव्रतेचा ओझोन भरला हे यंत्राने मोजून दाखवायला हवं. लहान सांध्यांना मी 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिली यापलीकडे जात नाही, आणि वायू 1 मिलीच्या आतच ठेवतो. खोलीत क्लोरीनसारखा उग्र वास येत असेल तर वायू गळतोय, तिथे थांबू नका.

सहाचा कोर्स आधीच ठरवून घेऊ नका. तीन इंजेक्शनं, आठवड्याच्या अंतराने. आधी आठवडाभर रोज झाकण उघडतानाचं दुखणं शून्य ते दहा या मापात लिहून ठेवा, नंतरही लिहा. तिसऱ्यानंतर आकडा निदान एक-तृतीयांशाने उतरला नसेल तर तिथेच थांबायचं; चौथ्याने चमत्कार होताना मी पाहिलेला नाही. सुईनंतर एक-दोन दिवस सांधा जड वाटणं, फुगल्यासारखं होणं, कातडीखाली बोटाला चरचर लागणं हे वायूमुळे होतं आणि जातं. पण लाली, ताप, वाढत जाणारं ठणकणं दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. सांध्यातला जंतुसंसर्ग वाट पाहत नाही.

तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असेल, थायरॉइड फार वाढलेला आणि ताब्यात नसेल, रक्त गोठण्याचा विकार असेल, प्लेटलेट खूप कमी असतील किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, तर ओझोन नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. हे प्रश्न न विचारता कुणी सुई हातात घेत असेल तर उठून या.

आतापर्यंतचा क्रम थोडक्यात: निदान पक्कं करा, स्प्लिंट आणि सवयींना तीन महिने द्या, मग हवं तर तीन ओझोन, आणि त्या काळातही स्प्लिंट चालूच.

शस्त्रक्रियेची भीती मी समजू शकतो, पण ती शेवटचं संकट म्हणून बघू नका. सगळ्यांत साधी पद्धत म्हणजे ट्रॅपेझियम हे छोटं हाडच काढून टाकणं. 1949 पासून ती माहीत आहे. त्यावर स्नायुबंधाची गुंडाळी, लिगामेंटची नवी बांधणी अशा अनेक सुधारणा आल्या, पण अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत त्यातली कुठलीही साध्या पद्धतीपेक्षा सरस ठरली नाही. दुखणं बहुतेकींचं चांगलं कमी होतं. मात्र धीर लागतो: काही आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंट, मग थेरपी, आणि पकडीत ताकद यायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही. रात्री दुखून जाग येत असेल, बटण लावणंही जमत नसेल, आणि वर सांगितलेलं सगळं करून झालं असेल, तर सर्जनला भेटायची वेळ झाली. एक गोष्ट ध्यानात ठेवा: शस्त्रक्रियेच्या आधीच्या तीन महिन्यांत सांध्यात स्टेरॉइड घेतलेलं असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून त्या दिशेने विचार असेल तर तिसरं स्टेरॉइड 'तोपर्यंत' म्हणून घेऊ नका, आणि कुठलंही इंजेक्शन झालं असेल तर तारखेसह सर्जनला सांगा.

डाव्या अंगठ्याबद्दल. ही झीज बऱ्याच जणींना दोन्ही हातांना होते, आणि उजवा दुखतो म्हणून सगळं काम डाव्यावर ढकललं जातं. स्प्लिंटच्या मापाला जाल तेव्हा थेरपिस्टना दोन्ही हात दाखवा. डाव्याला अजून बहुधा स्प्लिंट लागणार नाही, पण गोल आकाराचा आणि तर्जनीचा व्यायाम दोन्ही हातांनी सुरू करा, आणि झाकणाला रबराची पट्टी डाव्या हातासाठीही वापरा. तीन महिन्यांनी तुमचे ते आकडे घेऊन पुन्हा विचारा, मी नक्की बघेन.